दुसऱ्याचं दफ्तर, आपलं घर

सोलापुरात बिडी वळणारी बाई घरी काम करते आणि लिज्जतचे पापड लाटणारी बाईही घरीच काम करते. एक पानं आणि तंबाखू घेऊन घरी येते, दुसरी मळलेलं पीठ घेऊन. दोघी तयार माल परत नेऊन देतात आणि केलेल्या कामाचे पैसे घेतात. दुरून पाहणाऱ्याला दोघींत फरक दिसणार नाही. पण १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन जो उद्योग सुरू केला, त्यात लाटणारी प्रत्येक जण मालकीण ठरली. नफ्यातोट्यात तिचा वाटा राहिला. बिडीचं तसं झालं नाही. तिथं दर दुसऱ्यानं ठरवायचा आणि कोणत्या बिड्या नापास करायच्या तेही त्याच्याच माणसानं. त्या बायकांना मजुरीसाठी संघटना बांधाव्या लागल्या, मोर्चे काढावे लागले. १९६६ साली बिडी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा घरी बसून वळणारीही कायद्यानं कामगार ठरली.

आता महाराष्ट्रात घरून काम करणाऱ्यांचा एक तिसरा वर्ग तयार झाला आहे. त्याच्यापुढे पान नाही, पीठ नाही. लॅपटॉप आहे आणि दूरच्या कुणाचं तरी दफ्तर आहे. हे काम करणाऱ्याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात, थोडक्यात व्हीए. फ्रीलान्स व्हीए कागदावर मालक असतो: त्याला साहेब नाही, हजेरीपट नाही, आपला दर तो आपण सांगू शकतो. व्यवहारात मात्र दर पडत गेला, वेळ पसरत गेली आणि हिशेब ठेवला नाही, तर तो नगावर काम करणारा मजूर व्हायला वेळ लागत नाही. आणि त्या मजुराला १९६६ सारखा कायदाही नाही. या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे की हे काम मालकासारखं करता येतं. पण त्यासाठी संगणकाच्या ज्ञानाहून अधिक गरज हिशेबाची आणि करारीपणाची आहे.

आधी काम नेमकं काय ते पाहू. बहुतेकांच्या मनात व्हीए म्हणजे डेटा एन्ट्री असते. तो या कामाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लहान भाग आहे. अमेरिकेत घरांच्या खरेदीविक्रीचं काम करणारा एजंट घ्या. सौदा ठरल्यापासून घराच्या किल्ल्या हातात येईपर्यंत तपासणी, कर्जमंजुरी, टायटल, विमा, सह्या अशा अनेक तारखा सांभाळाव्या लागतात आणि एखादी चुकली तर ग्राहकाची अनामत धोक्यात येऊ शकते. या तारखांवर नजर ठेवणं, ज्याची सही राहिली आहे त्याला आठवण करणं, प्रत्येक कागद त्याच्या जागी लावणं, हे काम त्याचा व्हीए करतो. शॉपिफायवर दुकान चालवणाऱ्याला ‘माझं पार्सल कुठं अडकलं’ या रोजच्या प्रश्नाला उत्तर देणारं आणि कोणाचे पैसे परत करायचे हे ठरवू शकणारं माणूस लागतं. पॉडकास्ट करणाऱ्याला पाहुण्यांच्या वेळा जुळवून हव्या असतात. सल्लागाराला बिल पाठवायचा कंटाळा असतो आणि थकलेलं बिल मागायचा त्याहून जास्त.

या सगळ्यांत समान गोष्ट एकच. दुसऱ्याच्या डोक्यात अर्धवट राहिलेली कामं आपल्याकडे घ्यायची, ती तडीस न्यायची आणि त्याला पुन्हा विचारावं लागणार नाही अशा बेतानं कळवायची. ट्रेलो, असाना, स्लॅक, कॅलेंडली ही साधनं शिकायला काही आठवडे पुरतात. न विचारता काय करायचं आणि विचारल्याशिवाय काय करायचं नाही, हे शिकायला मात्र बराच काळ जातो, आणि चांगला दर मिळतो तो त्याचाच.

दुसऱ्याचा पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळणं हे आपल्याकडे कधी कमी प्रतीचं मानलं गेलं नाही. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचं नाव इतिहासानं राखलं आहे. फडणीस, पोतनीस, पारसनीस ही आडनावं आजही टेलिफोनच्या यादीत सापडतात. इंग्रजी अमदानीत हेच कौशल्य टाइपरायटरवर आलं. तालुक्याच्या ठिकाणी बसस्टँडजवळ टायपिंग इन्स्टिट्यूट असायचीच, आणि दहावी झालेल्या मुला-मुलींना ‘इंग्लिश थर्टी-फॉर्टी’ करून ठेव म्हणून सांगितलं जायचं. गोदरेजनं १९५५ मध्ये देशी बनावटीचा टाइपरायटर आणला. २००१ पासून एमएस-सीआयटीनं गावोगावी संगणक पोचवला. आज लॅपटॉपवर परदेशी ग्राहकाची कामं करणाऱ्या अनेक जणी त्याच टायपिंगच्या आणि एमएस-सीआयटीच्या वर्गातून बाहेर पडलेल्या आहेत.

परदेशी काम इथवर कसं आलं, याचीही कथा सरळ आहे. थॉमस फ्रीडमन यांच्या २००५ च्या ‘द वर्ल्ड इज फ्लॅट’ या पुस्तकानं बंगळुरूत बसून अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांची कामं करणाऱ्या सहायकांची ओळख जगाला करून दिली. २००७ मध्ये टिम फेरिस यांच्या ‘द फोर-अवर वर्कवीक’नं सामान्य अमेरिकी उद्योजकाच्या डोक्यात हे पक्कं बसवलं की आपली किरकोळ कामं भारतात देता येतात. पण ते सहायक कंपन्यांचे नोकर होते. त्यांना पगार होता, रजा होती, भविष्यनिर्वाह निधी होता. १९९९ मध्ये सुरू झालेली इलान्स आणि २००३ मध्ये सुरू झालेली ओडेस्क ही संकेतस्थळं पुढे एक झाली आणि २०१५ मध्ये त्यांनी अपवर्क हे नाव घेतलं. इस्रायलमधून फायव्हर २०१० मध्ये आलं. या बाजारांनी मधली कंपनी काढून टाकली. ग्राहक आणि काम करणारा समोरासमोर आले, ही चांगली गोष्ट झाली. कंपनीबरोबर रजा आणि भविष्यनिर्वाह निधीही गेले, हे फारसं कुणी मोजलं नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीनं घरून काम चालतं हे सगळ्या जगाला पटवलं आणि या बाजारात गर्दी झाली. त्या गर्दीत फिलिपाइन्स आधीपासून पुढे होतं. तिथल्या लोकांना अमेरिकी इंग्रजीचा आणि कॉल सेंटरच्या शिस्तीचा सराव आहे, आणि व्हीए हा तिथं घराघरांत माहीत असलेला व्यवसाय आहे. आपली स्पर्धा त्यांच्याशी आहे, शेजारच्या गल्लीतल्या मुलीशी नाही.

सगळं काम परदेशीच असतं असं मात्र नाही. एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरी आणि देवगडचे बागायतदार पुण्या-मुंबईच्या घरांना थेट हापूस पाठवतात, तेव्हा व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या मागण्या, पत्ते, पैसे आणि ‘दोन डझन पिकलेला, एक डझन कच्चा’ असल्या फर्माइशी सांभाळायला माणूस लागतो. दवाखाने, शिकवण्या, सनदी लेखापालांची कार्यालयं, लहान प्रकाशक यांनाही अर्धवेळ मदतनीस हवा असतो. इथं दर कमी असतो, पण भाषा आपली, वेळ आपली आणि पैसे यूपीआयनं त्याच दिवशी. नवशिक्यानं पहिला अनुभव इथं घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

परदेशी कामाची पहिली अडचण इंग्रजीची नसते, घड्याळाची असते. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. नेमकी दिवेलागणीची, कणीक भिजवण्याची, मुलांच्या गृहपाठाची वेळ. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. लंडनचा दिवस आपल्याकडे दुपारी दीड-अडीचला सुरू होतो, तो संसाराला सोयीचा. सिडनीसाठी पहाटे साडेतीनला किंवा साडेचारला उठावं लागतं. त्यात अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणून मधल्या दिवसांत दोन्हीकडचे ग्राहक असलेल्यांच्या भेटी चुकतात. आपलं घड्याळ कधी हलत नसल्यामुळे ही गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. दिवाळीला त्यांना सुट्टी नसते. उलट ब्लॅक फ्रायडेची विक्री नोव्हेंबरच्या शेवटी असल्यानं ऑनलाइन दुकानदारांची धावपळ आपल्या दिवाळीच्या आसपासच सुरू होते. पुण्यात गुरुवार हा वीज आणि पाणी बंद ठेवून दुरुस्ती करण्याचा वार म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. ग्राहकाला तो ठाऊक नसतो. म्हणून इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम ही या व्यवसायात चैन नाही, भांडवल आहे.

आता पैशांचं बघू, कारण मालक आणि मजूर यांच्यातला फरक इथंच पडतो. समजा, तासाला ८ डॉलरचं काम मिळालं, आठवड्याला २० तास. डॉलर ८५ रुपये धरला तर तासाचे ६८० रुपये आणि महिन्याच्या ८० तासांचे ५४,४०० रुपये. हा आकडा नातेवाइकांत सांगायला छान आहे. त्यातून बाजाराचं कमिशन १० टक्के धरा: उरले ४८,९६०. पैसे डॉलरमधून रुपयांत येताना आणि बँकेत पोचताना सगळं मिळून ३ टक्के गेले असं धरा: उरले सुमारे ४७,५००. इंटरनेट, वीज, सॉफ्टवेअरची वर्गणी, आरोग्यविमा आणि चार-पाच वर्षांनी लागणाऱ्या नव्या लॅपटॉपसाठी महिन्याला ५,५०० बाजूला काढा: ४२,०००. आणि तास? नवी कामं शोधणं, प्रस्ताव लिहिणं, बिलं करणं, ग्राहकाची नवी पद्धत शिकणं यांत आठवड्याला सात तास जातात आणि त्यांचे पैसे कुणी देत नाही. म्हणजे ८० नव्हे, १०८ तास. भागाकार केला की तासाला सुमारे ३९० रुपये पडतात. रजेचे पैसे नाहीत, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणात दर शून्य.

हा हिशेब पाहून कुणी घाबरावं असा हेतू नाही. ३९० रुपये तालुक्याच्या गावी वाईट नाहीत. पण ६८० समजून ८ डॉलरला हो म्हणणं आणि ३९० समजून हो म्हणणं, यांत फार अंतर आहे. पुढच्या ग्राहकाकडे १० डॉलर मागायला तोंड उघडतं ते या भागाकारामुळे.

ताशी कामात आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. अपवर्कवर तासाच्या हिशेबानं काम करताना जे वेळ मोजणारं सॉफ्टवेअर असतं, ते साधारण दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा पडद्याचं चित्र टिपतं. ग्राहकानं पैसे नाकारले तर हीच चित्रं कामी येतात, म्हणून त्याचा उपयोग आहे. पण ज्याच्या कामाची दहा-दहा मिनिटं मोजली जातात त्याचा दर वाढवणं कठीण असतं. विश्वास जमला की महिन्याच्या ठरावीक रकमेवर, ठरावीक जबाबदारीवर यावं, आणि ते लेखी करावं. कामाची यादी, उत्तर देण्याची मुदत, बिलाची तारीख, करार संपवायचा तर किती दिवस आधी सांगायचं, एवढं एका पानात बसतं. ते पान नसलं की ‘एवढं जरा बघ ना’ या वाक्यानं काम दुप्पट होतं आणि पैसे तेवढेच राहतात.

सरकारी कागदपत्रांची भीती अकारण आहे, पण दुर्लक्ष महागात पडतं. परदेशातून आलेला पैसा हे उत्पन्न आहे आणि त्यावर इथं आयकर लागतो. तो ‘बाहेरचा पैसा’ म्हणून सुटत नाही. पैसे येताना बँक ते कशाचे हे सांगणारा पर्पज कोड मागते. परकीय चलन आल्याचा दाखला दरवेळी मागून, जपून ठेवावा. जीएसटीत सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाच्या २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली असेल आणि काम निर्यातीच्या अटींत बसत असेल, तर दर आर्थिक वर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र ऑनलाइन भरून कर न लावता बिल देता येतं. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर असतो. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. आपल्या बाबतीत आयकराची कोणती तरतूद लागू पडते हे मात्र सनदी लेखापालालाच विचारा. त्याची फी हा या व्यवसायातला सर्वांत सत्कारणी खर्च आहे. गृहकर्जाला बँकेत जाल तेव्हा साहेब ग्राहकाची शिफारसपत्रं पाहणार नाहीत, मागच्या वर्षांची रिटर्न्स मागतील.

या व्यवसायाचं खरं भांडवल विश्वास आहे. ग्राहकाचे पासवर्ड, त्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते, त्याची बँकेची पत्रं आपल्या हाती असतात. ज्या लॅपटॉपवर संध्याकाळी मुलगा गेम खेळतो, त्यावर हे ठेवायचं नसतं. निदान वेगळं खातं आणि पासवर्ड सांभाळणारं अॅप तरी हवं. युरोपातल्या ग्राहकाला २०१८ पासून जीडीपीआरचे नियम लागू आहेत आणि आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर यापुढे चालणार नाही.

आणि विश्वासाच्या नावानं होणारी फसवणूकही ओळखता यायला हवी. काम देण्याआधी नोंदणी फी मागणारा काम देत नसतो. डेटा एन्ट्री करून घ्यायची, मग अचूकता कमी भरली म्हणून खोट्या वकिलाची नोटीस पाठवून दंड मागायचा, हा जुना धंदा आजही जोरात आहे आणि अशा नोटिशीला घाबरून पैसे भरणारे पुष्कळ आहेत. ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेवून बाकीचे पुढे पाठवा’ असं सांगणारा तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे. ‘तुमचं फ्रीलान्स खातं भाड्यानं द्या’ म्हणणाराही त्याच पंक्तीतला. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लाज वाटून घेण्यात जो वेळ जातो तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून गेलेले असतात.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं तेव्हापासून ‘हे काम आता राहणार का’ असं विचारलं जातं. जे नगावर मोजता येतं ते आधी जाईल, आणि ते जाऊ लागलंही आहे: ध्वनिफितीचं शब्दांकन, साच्यातली उत्तरं, पहिले मसुदे. पण कोणत्या पत्राला आज उत्तर द्यायचं आणि कोणतं मुद्दाम उद्यावर ठेवायचं, रागावलेल्या गिऱ्हाइकाला पैसे परत द्यायचे की फोन करायचा, हे ठरवून त्याची जबाबदारी घेणारं माणूस लागतच राहील. यंत्र वापरून तीन तासांचं काम एका तासात करणाऱ्यानं तासावर पैसे घेतले तर तो स्वतःचंच नुकसान करतो. ठरावीक रकमेच्या करारावर यायचं हे आणखी एक कारण.

शेवटी घर. सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. म्हणजे व्हीए बाईनं संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉप उघडला, तेव्हा घरात तिची पहिली पाळी आधीच होऊन गेलेली असते. ‘तू घरीच तर असतेस’ या वाक्यानं कुरियर, गॅसची टाकी, पाहुणे आणि सासूबाईंची औषधं तिच्या नावावर चढतात. पुरुषाला वेगळाच जाच: दिवसा घरी दिसतो म्हणून ‘नोकरी कधी लागणार’ असं विचारत राहतात, आणि सोयरीक जुळवताना त्याचं काम समजावून सांगण्यात आईवडिलांची दमछाक होते. या दोन्हींवर ‘वेळेचं नियोजन’ हा उपाय नाही. कामाची खोली किंवा निदान कोपरा, कामाचे तास आणि त्या तासांत घरातलं कोणतं काम कोण उचलणार, हे घरच्यांसमोर बसून ठरवावं लागतं. ग्राहकाशी करार करताना संकोच वाटत नाही, तो घरच्यांशी करताना वाटतो. आणि अनेक चांगल्या व्हीए ग्राहकामुळे नव्हे, या संकोचामुळे काम सोडतात.

कायद्याकडून मोठी आशा धरण्यात आज अर्थ नाही. घरून काम करणाऱ्यांबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ चा. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आली, पण टेक्सासमधल्या ग्राहकाकडून इथला भविष्यनिर्वाह निधी कुणी वसूल करून देणार नाही. म्हणून आपली पेन्शन, आपला विमा आणि आपली रजा आपल्याच दरात बसवायची. आणि एकटं राहायचं नाही. गिरगावातल्या सात जणींनी जे केलं ते तीन व्हीएंना करता येतं: दर एकमेकींना सांगायचे, एकीच्या बाळंतपणात दुसरीनं ग्राहक सांभाळायचा, मोठं काम वाटून घ्यायचं. ज्या दिवशी दर लपवणं थांबेल त्या दिवशी दर पडणंही कमी होईल.

या पुस्तकाची प्रकरणं याच क्रमानं आहेत: आधी काम, मग घड्याळ, हिशेब, करार, कागदपत्रं, सुरक्षितता आणि घर. प्रोफाइल कसं लिहावं हे शेवटच्या प्रकरणात ठेवलं आहे, मुद्दाम. वाचकाला एकच विनंती. पुढचं पान उलटण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: सगळा खर्च वजा करून तासाला किती रुपयांखाली काम करणार नाही, दिवसाचे कोणते तास ग्राहकाचे, त्या तासांत घरातलं काम कोण करणार आणि काम बंद पडलं तर किती महिने पुरेल एवढी शिल्लक आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर तीनपेक्षा कमी असेल, तर हातातली नोकरी आज सोडू नका.